कुठे अडलं?

(दृश्य: झेड ब्रिज, संध्याकाळ, पाऊस)

मुठेला पाणी आलंय. पुलापासून थोडं आत, नारायण पेठेत, एका जुन्या वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर दिवा लागलाय. दर शनिवारी पाच-सहा जण इथे जमतात आणि इलेक्ट्रॉनचं डॉक्युमेंटेशन वाचतात, ओळीवर बोट ठेवून.

एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट येत असेल, तर इलेक्ट्रॉनवर डेस्कटॉप ॲप बनवता येतं. २०१३ साली गिटहब या कंपनीत, ॲटम या कोड लिहायच्या एडिटरसाठी ते सुरू झालं, तेव्हा नाव होतं ॲटम शेल. आज व्हीएस कोड हा एडिटर त्यावरच चालतो.

(दृश्य: वहीचं पान, जवळून)

ही वही बघा. डाव्या पानावर काय वाचलं, उजव्या पानावर कुठे अडलं. अडल्या क्षणीच लिहायचं, हा इथला नियम. एकदा समजलं की अडलेली जागा दिसेनाशी होते, म्हणून जाणकाराला ती सापडत नाही. या खोलीत नवख्याला मान आहे तो त्यासाठी.

लाल शाईत लिहिलंय : ‘रिक्वायर चालत नाही. का?’ रिक्वायर म्हणजे दुसरीकडचा कोड आपल्या फाइलीत आणायची नोडची आज्ञा. कोड एका जुन्या व्हिडिओवरून उतरवलेला. त्यात विंडोमधल्या पानाला थेट नोडची, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या यंत्रणेची, ताकद मिळायची, फाइली वाचण्याची, पुसण्याचीसुद्धा. बाहेरची घातक स्क्रिप्ट पानात शिरली, तर तिलाही तीच ताकद. २०१९ मधल्या पाचव्या आवृत्तीपासून ही वाट मुळातच बंद असते. २०२१ मधल्या बाराव्या आवृत्तीपासून, पानाचा कोड आणि ॲपची स्वतःची प्रीलोड फाइल एकमेकांपासून वेगळी ठेवणारं कॉन्टेक्स्ट आयसोलेशनही आपोआप चालू.

(दृश्य: फळा)

“दादा, मग ही प्रीलोड फाइल चालते तरी कुठे?”

फळ्यावर दोन चौकोन. मेन प्रोसेस, अख्खं ॲप सांभाळणारी, ॲपमध्ये एकच. रेंडरर, पान दाखवणारा, प्रत्येक विंडोचा आपला. खडू मध्येच थांबतो. प्रीलोड चालते रेंडररमध्येच, पण पानाच्या स्क्रिप्टच्या आधी. आणि कॉन्टेक्स्टब्रिज नावाच्या सोयीतून मोजक्याच गोष्टी पानाच्या हाती देते. वाड्यात आलेल्याला पाणी ओसरीवर आणून द्यायचे, माजघरात कोणी शिरत नसे. तसंच हे.

आणखी एक गोष्ट, जी फार जणांना ठाऊक नसते. इलेक्ट्रॉनच्या एपीआयची, म्हणजे ॲपमधून वापरायच्या आज्ञांची, पानं मार्कडाउन या साध्या मजकुराच्या पद्धतीत, कोडच्याच रिपॉझिटरीत (साठ्यात) असतात. आणि त्या पानांवरूनच टाइपस्क्रिप्टच्या टाइप्सची फाइल तयार होते; कुठल्या आज्ञेला कुठल्या प्रकारची माहिती द्यायची, हे ती एडिटरला सांगते. पानावर पॅरामीटरचा, म्हणजे आज्ञेला द्यायच्या माहितीचा, टाइप चुकला, तर एडिटरमध्येही चुकीचाच दिसणार. डॉक्युमेंटेशनला वरकाम समजणाऱ्यांनी हे एकदा नीट बघावं.

(दृश्य: स्क्रीनभोवती सगळे)

प्रीलोड कुठे आणि कधी चालते, हे सांगणारं एकच वाक्य, डॉक्युमेंटेशनमध्ये घालायला. आतापर्यंत चार वेळा लिहून झालंय. पाचव्यांदा मोठ्याने वाचलं जातं. खोलीतल्या सगळ्यात नव्या मुलाने मान डोलावल्याशिवाय ते पाठवायचं नाही.

सव्वानऊला पुल रिक्वेस्ट, म्हणजे हा बदल घ्या अशी इलेक्ट्रॉनकडे विनंती, गेली. पुढच्या आठवड्यात, दोन शब्द बदलून, स्वीकारलीही गेली.

वहीत नवं पान सुरू झालंय : ‘पॅकेज केल्यावर ॲपचा आयकॉन दिसत नाही. का?’