सॅनिटायझर लावूनही हे जुलाब वॉर्डभर का पसरतात?

(हातात सॅनिटायझरची बाटली)

ही बाटली पुण्यातल्या हॉस्पिटलात जागोजागी दिसते. चांगलंच आहे. पण हिला अजिबात भीक न घालणारा एक जंतू आहे. नाव जिभेला जड, क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल. आपण 'सी-डिफ' म्हणू.

समजा, कोथरूडच्या एक आजी न्यूमोनिया झाला म्हणून ॲडमिट आहेत. सलाइनमधून अँटिबायोटिक चालू. ताप उतरतो, आणि दोन-चार दिवसांत जुलाब लागतात. नातेवाईक म्हणतात, बाहेरचं खाल्लं असेल. अहो, डबा घरचाच आहे की!

आतड्यात एरवी कोट्यवधी निरुपद्रवी जंतू असतात, ते सी-डिफला पाय रोवू देत नाहीत. अँटिबायोटिक त्यांनाही मारतं. मग सी-डिफ फोफावतो, विष सोडतो आणि आतड्याचं अस्तर सुजतं. क्लिंडामायसिन, सेफ्ट्रिॲक्सोन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन अशा औषधांनंतर हे जास्त दिसतं. वय ६५च्या पुढे असेल तर धोका आणखी वाढतो. अर्थात अँटिबायोटिकने पोट बिघडणं नेहमीचंच, दरवेळी सी-डिफच असतो असं नाही.

आता खरी गोम. हा जंतू शौचातून बीजाणूंच्या, म्हणजे कवचात झोपलेल्या जंतूंच्या, रूपात बाहेर पडतो. त्यांचं कवच इतकं चिवट, की पलंगाच्या कठड्यावर, बेडपॅनवर, फ्लशच्या बटणावर ते महिनोन् महिने टिकतात. अल्कोहोलने मरत नाहीत. भेटायला आलेले मामा कठड्याला धरून उभे राहतात, जाताना सॅनिटायझर चोळतात आणि त्याच हाताने शेजारच्या पेशंटला दगडूशेठचा प्रसाद देतात. झालं!

म्हणून साबण आणि वाहतं पाणी. साबणानेही बीजाणू मरत नाहीत बरं का, पण चोळून धुतले की पाण्याबरोबर निघून जातात. नर्स हातमोजे घालतात, खोली ब्लीचने पुसून घेतात, ते त्यासाठीच. त्यांच्यावर वैतागू नका.

दिवसातून तीन किंवा जास्त वेळा पाण्यासारखे जुलाब झाले, तर लगेच सांगा. शौचाची तपासणी होते. जुलाब थांबवायची गोळी मनाने देऊ नका, अँटिबायोटिकही मनाने बंद करू नका, ते डॉक्टर ठरवतील. उपचाराला व्हँकोमायसिन, म्हणजे सी-डिफला मारणारं अँटिबायोटिक, तोंडावाटेच द्यावं लागतं. शिरेतून दिलेलं आतड्यापर्यंत पुरेसं पोचत नाही.

आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. कुठल्याही अँटिबायोटिकचा कोर्स संपल्यावरही साधारण ३ महिने हा त्रास उद्भवू शकतो. तेव्हा गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेलात, तरी आधी ते कार्ड पुढे करा.