हिरवा दिवा खरा बोलतोय का? ऑफिसचे फोन, चॅट आणि प्रेझेन्स एकत्र जोडताना

नमस्कार. समजा नागपुरात तुमचं ऑफिस सीताबर्डीला, गोडाऊन वाडीला आणि कारखाना हिंगणा एमआयडीसीत. अमरावतीच्या ग्राहकाचा फोन येतो, "माल निघाला का?" रिसेप्शनवरची ताई गोडाऊनला लावते, लाइन व्यस्त. मग मोबाइल, मग व्हॉट्सअ‍ॅप, आणि ग्राहक तोवर होल्डवर. गोडाऊनवाले दादा दुसऱ्या कॉलवर आहेत हे तिला आधीच दिसलं असतं, तर तिने सरळ त्यांच्या जोडीदाराला कॉल दिला असता.

फोन, चॅट, मीटिंग आणि कोण मोकळं आहे याची माहिती एकाच सेवेत आणणं म्हणजे युनिफाइड कम्युनिकेशन्स. विकणारे आधी व्हिडिओ मीटिंग दाखवतात. आमच्या मते पैसे वसूल होतात ते नावाशेजारच्या त्या छोट्या दिव्यावर, म्हणजे प्रेझेन्सवर. सगळ्यात जास्त बिघडतो तोही तोच, म्हणून आज त्याच्यावरच बोलू.

[पडद्यावर: फोन, सर्व्हर, बघणारे]

तुमचा फोन किंवा अ‍ॅप आपली स्थिती सर्व्हरला कळवतं, हे पब्लिश. ज्यांना ती बघायची त्यांची उपकरणं आधीच नाव नोंदवून ठेवतात, हे सबस्क्राइब. स्थिती बदलली की सर्व्हर त्यांना कळवतो, हे नोटिफाय. एसआयपीच्या, म्हणजे इंटरनेटवरून कॉल जोडणाऱ्या पद्धतीच्या, प्रेझेन्स मानकात कळवलेल्या स्थितीची मुदत वेगळी सांगितली नसेल तर ३६०० सेकंद धरतात.

आता दुपारी वाडीला लाइट गेली. कॉम्प्युटर एकदम बंद पडला, सर्व्हरला निरोप गेलाच नाही. मुदत संपेपर्यंत दिवा हिरवाच राहू शकतो, म्हणजे जवळपास तासभर! तुमच्या सिस्टीममध्ये ही मुदत बदलता येत असेल तर ३०० सेकंदांच्या आसपास आणा. आणि फायबरचा डबा, राउटर, फोनना वीज देणारा पीओई स्विच, तिन्ही यूपीएसवर घ्या. नुसता कॉम्प्युटर यूपीएसवर ठेवून काही होत नाही.

दुसरं, स्थिती हाताने बदलायला लावू नका. सकाळी 'बिझी' केलेलं माणूस संध्याकाळपर्यंत विसरतो. कॉल सुरू झाला की लाल, कॅलेंडरमध्ये मीटिंग असली की लाल, हे आपोआप व्हायला हवं. मायक्रोसॉफ्ट टीम्स पाच मिनिटं कीबोर्ड-माउस हलला नाही की 'अवे', म्हणजे पिवळा दिवा, दाखवतं. अकाउंट्सला ते ठीक. गोडाऊनमध्ये माल मोजणारा माणूस मात्र दिवसभर पिवळाच दिसणार, जरी तो फोन पहिल्या रिंगला उचलत असला तरी. तिथे कीबोर्ड सोडा, डेस्क फोनची लाइन मोकळी आहे का तेवढंच दाखवा. फोनवरच्या बीएलएफ बटणाचा, म्हणजे दुसऱ्याची लाइन व्यस्त आहे का ते दाखवणाऱ्या बटणाचा, दिवा नेमकं हेच करतो.

आणि कृपा करून याची हजेरी करू नका. दिव्यावरून पगार कापला जाणार असं वाटलं, की लोक माउस हलवत बसतात आणि दिवा कुणाच्याच कामाचा राहत नाही.

दिवा खरा झाला की त्यावर नियम बांधा. मोकळा असेल तर १५ सेकंद रिंग, मग ग्रुपला, म्हणजे त्याच्या जोडीदारांच्या फोनना. कॉलवर असेल तर न थांबता ग्रुपला. 'अवे' असेल तर मोबाइलला. मोबाइलवर वळवताना 'घ्यायचा असेल तर १ दाबा' ही सोय चालू करा, नाहीतर व्हॉइसमेल कॉल उचलून टाकतो आणि सिस्टीमला वाटतं माणसानेच घेतला. अँड्रॉइडवर त्या अ‍ॅपचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा. ते चालू असलं की फोन अ‍ॅपला झोपवतो, स्थिती हिरवी दिसते आणि रिंग वाजतच नाही.

नेटचं थोडक्यात. जी ७११ कोडेकवर, म्हणजे आवाजाचा डेटा करण्याच्या एका पद्धतीवर, एका कॉलला प्रत्येक दिशेला सुमारे ८७ केबीपीएस लागतात, म्हणजे दहा कॉलना प्रत्येक दिशेला एक एमबीपीएससुद्धा पुरतं. आवाज तुटतो तो बहुतेकदा सीसीटीव्ही किंवा बॅकअप नेटची अपलोडची बाजू भरून टाकतात म्हणून. राउटरमध्ये आवाजाला प्राधान्य द्या, त्यासाठीचा आकडा डीएससीपी ४६. एसआयपी एएलजी, म्हणजे राउटरमधली कॉलच्या निरोपांत फेरफार करणारी सोय, बंद करून बघा. एका बाजूचा आवाज गायब, किंवा थोड्या वेळाने कॉल येणंच थांबतं, याच्या मागे अनेकदा तेच असतं.

बाहेरच्या कॉलसाठी ट्रंक, म्हणजे तुमची सिस्टीम बाहेरच्या फोन नेटवर्कला जोडणारी लाइन, परवाना असलेल्या ऑपरेटरकडूनच घ्या. जुना ०७१२ चा नंबर ठेवायचा असेल तर तोच नंबर ट्रंकवर मिळेल का, हे ऑर्डर देण्याआधी लेखी विचारा.

चालू करण्याआधी चार चाचण्या. गोडाऊनचा फोन कॉलवर असताना दुसरा कॉल लावा. मोबाइल बंद ठेवून 'अवे'वाला कॉल लावा. मोबाइल अर्धा तास खिशात ठेवून मग रिंग करा. शेवटी कॉम्प्युटरची वायर सरळ ओढा, घड्याळ लावा आणि सीताबर्डीच्या पडद्यावर दिवा किती वेळ हिरवा राहतो ते मोजा. पाच मिनिटांपेक्षा जास्त लागले, तर ग्राहकांना नवा नंबर अजून देऊ नका.