गाडीला थांबवते कोण?

मित्रहो, सपाट रस्त्यावर ताशी 100 किलोमीटर वेगाने धावणारी एखादी गाडी न्यूट्रलमध्ये टाकली आणि ब्रेकला पाय लावलाच नाही, तर ती हळूहळू मंदावत जाते आणि शेवटी थांबते. हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की थांबणे हा वस्तूचा स्वभावच आहे, अशी आपली समजूत होऊन बसते. ॲरिस्टॉटलचेही मत जवळपास हेच होते. गॅलिलिओने उतरत्या पाटांवरून गोळे सोडून ते खोडून काढले, आणि 1687 मध्ये न्यूटनने त्याला नियमाचे रूप दिले: बाहेरून बल लागल्याशिवाय गती बदलत नाही. 1977 मध्ये सोडलेले व्हॉयेजर-1 हे यान आजही सेकंदाला सुमारे 17 किलोमीटर वेगाने सूर्यापासून दूर चालले आहे, आणि हा वेग टिकवण्यासाठी त्याला इंधनाचा एक थेंबही जाळावा लागत नाही. तेव्हा आपल्याला विचारायचे ते हे, की रस्त्यावरच्या गाडीला बाहेरून कोण अडवते?

न्यूट्रलमधल्या गाडीपुरते बोलायचे तर अडवणारे मुख्यतः दोघे आहेत. पहिला टायर. रस्त्याला टेकणारा टायरचा भाग दर फेरीत दबतो आणि पुन्हा फुगतो. पण रबर दाबण्यात जेवढी ऊर्जा खर्च होते तेवढी सगळी ते फुगताना परत करत नाही, आणि उरलेली उष्णतेच्या रूपाने निघून जाते. प्रवासानंतर टायर हाताला गरम लागतो त्याचे हे एक मोठे कारण, आणि हवा कमी असलेला टायर जास्त इंधन खातो त्याचेही हेच. दीड टनाच्या गाडीला हा विरोध साधारण 150 न्यूटन (न्यूटन हे बल मोजण्याचे एकक) असतो आणि वेग वाढला तरी तो फारसा बदलत नाही.

दुसरी हवा, आणि तिचे गणित अगदी वेगळे आहे. गाडी वेगाने जाते तेव्हा तिला समोरची हवा बाजूला सारावी लागते. वेग दुप्पट झाला, की दर सेकंदाला दुप्पट हवा सारावी लागते आणि तीही दुप्पट वेगाने. म्हणून हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आपल्या दीड टनाच्या, बऱ्यापैकी निमुळत्या गाडीला ताशी 50 किलोमीटरला हा विरोध सुमारे 75 न्यूटन, तर ताशी 100 किलोमीटरला सुमारे 300 न्यूटन भरतो. म्हणजे ताशी 70 किलोमीटरच्या आसपास टायर आणि हवा यांचा विरोध सारखा होतो, आणि त्यापुढे इंजिन प्रामुख्याने हवेशीच झुंजत असते.

मात्र हे दोन्ही विरोध मिळून गाडी मंदावते, ती फार सावकाश. वेळेवर थांबायचे तर ब्रेक हवा, आणि इथे एक गैरसमज बहुतेकांच्या मनात असतो. ब्रेक गाडी थांबवतो, असे आपण म्हणतो. पण ब्रेकचा पॅड चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला आवळतो तेव्हा ती ओढाताण गाडीच्या आतल्या आतच चाललेली असते, आणि आतल्या बलाने कोणाचीही गती थांबत नाही. ब्रेक फक्त चाकाचे फिरणे रोखू पाहतो. गाडीला मागे रेटणारे बल लावतो तो रस्ता, तेही टायरच्या चार टेकणांपाशी, ज्यांतले प्रत्येक जेमतेम हाताच्या पंजाएवढे असते. गुळगुळीत बर्फावर ब्रेक कितीही उत्तम असला तरी चाके जागच्या जागी थांबतात आणि गाडी घसरत पुढे जात राहते, यातच सारे आले.

या घर्षणाचे ढोबळ नियम फ्रेंच शास्त्रज्ञ आमाँताँने 1699 मध्ये मांडले: घर्षण हे दोन पृष्ठभागांना एकमेकांवर दाबणाऱ्या बलाच्या प्रमाणात असते, आणि संपर्काचे क्षेत्रफळ किती दिसते यावर ते अवलंबून नसते. (रबर हा नियम काटेकोरपणे पाळत नाही, शर्यतीच्या गाड्यांचे टायर रुंद असतात, त्याचे हे एक कारण.) वजन वाढले की घर्षणही त्याच प्रमाणात वाढत असल्यामुळे, ब्रेक पुरेसे सक्षम असतील तर थांबण्याचे अंतर ठरते ते रस्त्याची पकड आणि वेग यांवरून. कोरड्या डांबरावर ताशी 50 किलोमीटरची गाडी ब्रेक लागल्यापासून सुमारे 14 मीटरांत थांबते, ताशी 100 किलोमीटरची सुमारे 55 मीटरांत, आणि ओल्या रस्त्यावर पकड (म्हणजे घर्षण वजनाच्या किती पट, ते) 0.4 पर्यंत उतरली तर हेच अंतर शंभर मीटरच्या घरात जाते. चालकाला धोका कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद, म्हणजे आणखी 28 मीटर, यात धरलेलाच नाही.

चाक फिरत असते तेव्हा रस्त्याला टेकलेला रबराचा भाग रस्त्याच्या सापेक्ष जवळजवळ स्थिर असतो, आणि स्थिर पृष्ठभागांतले घर्षण सहसा घसरत्या पृष्ठभागांपेक्षा जास्त असते. चाक पूर्ण जाम झाले, की पकड घटते, शिवाय स्टिअरिंग वळवूनही गाडी वळत नाही. एबीएस ही यंत्रणा चाक जाम होऊ लागताच ब्रेकचा दाब क्षणभर सोडते आणि पुन्हा लावते. पायाखाली पेडल थरथरते ते म्हणूनच.

गतीची ऊर्जा मात्र जाते ती बव्हंशी पॅड आणि डिस्कमध्ये. ताशी 100 किलोमीटरला आपल्या गाडीत जेवढी ऊर्जा असते, तेवढ्यात पावणेदोन लिटरहून थोडे अधिक पाणी उकळीला येईल. लांबलचक उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला तर ही उष्णता बाहेर पडायला वाव मिळत नाही, पॅडची पकड ढिली पडते, आणि म्हणून तिथे खालच्या गियरमध्ये राहून इंजिनाच्या विरोधाचा आधार घ्यायचा असतो.

रेल्वेने पोलादी चाक पोलादी रुळावर ठेवून लोळण्याचा विरोध टायरच्या काही अंशांवर आणला, त्यामुळे एक इंजिन हजारो टन ओढू शकते. पण पोलादावर पोलादाची पकडही कमीच असते, आणि रूळ ओले झाले की आणखी घटते. म्हणून आधुनिक इंजिनातही चाकांसमोर रुळावर कोरडी वाळू सोडण्याची नळी असते, आणि गाडी सुटताना चाके जागीच फिरू लागली किंवा थांबवताना घसरू लागली, की चालक तीच वापरतो.