एक उमेदवार, दोन पदे

सभ्य श्रोतेहो, एकाच व्यक्तीला एकाच वेळी दोन स्थानिक पदांची निवडणूक लढवता यावी काय, हा आजचा प्रश्न एक दिसत असला तरी त्यात दोन प्रश्न गुंतले आहेत. दोन ठिकाणी उभे राहणे हा एक आणि निवडून आल्यावर दोन्ही पदे सांभाळणे हा दुसरा. चर्चा बहुधा पहिल्याचीच होते; इंदूरच्या मतदाराने मात्र दुसऱ्याची अधिक काळजी करावी, असे माझे मत आहे.

संसद व विधानसभेपुरते उत्तर १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात मिळते. पूर्वी मतदारसंघांच्या संख्येवर बंधनच नव्हते. १९५७ साली अटलबिहारी वाजपेयी लखनौ, मथुरा आणि बलरामपूर अशा तीन ठिकाणी उभे राहिले आणि फक्त बलरामपूरला निवडून आले. १९९६च्या दुरुस्तीने ही मर्यादा दोनवर आणली. दोन्ही जागा जिंकल्यास चौदा दिवसांत एक सोडावी लागते. २०१५मध्ये विधी आयोगाने एक उमेदवार, एक जागा अशी शिफारस केली, आणि फेब्रुवारी २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा विषय संसदेचा आहे असे सांगून याचिका फेटाळली.

आपल्या मध्य प्रदेशाने याचा अनुभव घेतला आहे. १९९१मध्ये वाजपेयी लखनौ आणि विदिशा या दोन्ही ठिकाणी विजयी झाले व त्यांनी लखनौ ठेवले. विदिशाच्या पोटनिवडणुकीत शिवराजसिंह चौहान लोकसभेवर गेले आणि त्यापायी त्यांना बुधनीची विधानसभेची जागा सोडावी लागली. एका पुढाऱ्याच्या सावधगिरीचा धक्का असा एका मतदारसंघातून दुसऱ्यात पोहोचतो. (त्या पोटनिवडणुकीने राज्याला पुढे दीर्घकाळचा मुख्यमंत्री दिला, हेही खरे, पण म्हणून नियम योग्य ठरत नाही.)

महानगरपालिकेला मात्र हा १९५१चा कायदा लागू नाही. संविधानाच्या अनुच्छेद २४३-यक नुसार नगरपालिकांच्या निवडणुकांविषयी कायदा करण्याचा अधिकार राज्याच्या विधानमंडळाला आहे. म्हणून उत्तर राज्यागणिक बदलू शकते. बडोद्यात महापौर पार्षदांमधूनच, म्हणजे नगरसेवकांमधूनच, निवडला जात असल्याने दोन पदांसाठी वेगळे उभे राहण्याचा प्रसंगच येत नाही. आपल्याकडे २०२२च्या निवडणुकीत महापौर आणि पार्षद या दोघांसाठी मतदाराने वेगवेगळी मते दिली, म्हणजे ही दोन स्वतंत्र पदे झाली. अशा व्यवस्थेत एकाच व्यक्तीला दोन्हींसाठी उभे राहू देणे मला तत्त्वतः अमान्य आहे, कारण महापौरपद मिळताच तिचा वॉर्ड रिकामा होतो आणि नाली, नळ व पथदिवे यांसाठी ज्याच्याकडे जायचे तो माणूस पोटनिवडणूक होईपर्यंत नसतो. खासदाराची अनुपस्थिती मतदाराला उशिरा जाणवते, पार्षदाची दुसऱ्याच दिवशी.

आता दुसरा प्रश्न. भाजपचे कैलाश विजयवर्गीय इंदूरचे महापौर असताना आमदारही होते. २०१५मध्ये महापौर म्हणून निवडून आलेल्या, त्याच पक्षाच्या मालिनी गौड यांच्याकडेही दोन्ही पदे होती. २०२२ला काँग्रेसचे उमेदवार संजय शुक्ला हेही विद्यमान आमदारच होते. म्हणजे या बाबतीत पक्षांमध्ये मतभेद नाही. महापौर आमदार असला तर भोपाळमध्ये शहराचे वजन वाढते, असा युक्तिवाद केला जातो, आणि तो अगदीच पोकळ नाही. परंतु नगर निगमाच्या, म्हणजे महानगरपालिकेच्या, अधिकारांवर व निधीवर ज्या विधानसभेत निर्णय होतात, तिथे बसणारा सदस्य आणि त्या निधीची मागणी करणारा महापौर एकच असेल, तर तो कोणाच्या बाजूने बोलत आहे हे नागरिकाने कसे ओळखावे? शिवाय आमदार एका मतदारसंघाचा असतो. उरलेल्या शहराला त्याच्या निष्पक्षपणावर भरवसा ठेवण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

फ्रान्समध्ये महापौरपद आणि खासदारकी एकत्र भूषवण्याची प्रथा फार जुनी होती, तरीही २०१४च्या कायद्याने ती २०१७पासून बंद केली. आपल्या जवळ पाहायचे तर ग्वाल्हेरचे महापौर विवेक शेजवलकर २०१९मध्ये लोकसभेवर निवडून गेले आणि त्यांनी महापौरपद सोडले. जे तिथे झाले, ते आमदार-महापौरांच्या बाबतीतही, वैयक्तिक इच्छेवर न सोडता, १९५६च्या मध्यप्रदेश नगरपालिक निगम अधिनियमातच चौदा दिवसांच्या स्पष्ट मुदतीसह लिहिले जावे, अशी माझी सूचना आहे.