स्टुडिओचा सात-बारा

[दृश्य: सकाळ. बाणेर रस्त्यावरची गर्दी. मग एका इमारतीचा तिसरा मजला. काचेच्या दारावर छोटा लोगो, आत पंधरा-वीस संगणक.]

जमीन घ्यायची असली की घरातलं जाणतं माणूस म्हणतं, आधी सात-बारा काढा. नमुना सातवर मालक कोण आणि बोजा कुणाचा ते कळतं, नमुना बारावर कोणत्या साली काय पिकलं ते कळतं. मग फेरफार बघायचे, बांधावर जाऊन उभं राहायचं. किमतीचं बोलणं सगळ्यात शेवटी.

गेम स्टुडिओ विकत घेताना हा क्रम बऱ्याचदा उलटा होतो. एखादा गेम गाजतो, गेमला पैसा पुरवून तो बाजारात आणणाऱ्या प्रकाशक कंपनीत सगळ्यांना तो आवडतो, आकडा ठरतो, आणि कागद त्यानंतर उघडतात.

पुण्याला हा विषय नवा नाही. 2008 मध्ये युबिसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीने गेमलॉफ्ट या दुसऱ्या गेम कंपनीचा इथला स्टुडिओ घेतला. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये 'राजी' हा गेम निन्टेन्डो स्विच या गेमयंत्रावर आणला. त्याआधी लोकवर्गणीतून पैसे उभे करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. 'मास्कगन'वाल्या सुपरगेमिंगचा 'इंडस' ऑक्टोबर 2024 मध्ये आला. आणि मार्च 2025 मध्ये कोरियाच्या क्राफ्टनने 'रिअल क्रिकेट' बनवणाऱ्या पुण्याच्या नॉटिलस मोबाइलमधला नियंत्रक हिस्सा सुमारे 118 कोटी रुपयांना घेतला.

आता प्रकाशकाच्या खुर्चीत बसून विचार करू. समोर पाच-सहा स्टुडिओ आहेत. घ्यायचा कोणता?

बारापासून सुरुवात करू. म्हणजे पीक.

फेब्रुवारी 2012 मध्ये ओएमजीपॉप या अमेरिकी स्टुडिओचा 'ड्रॉ समथिंग' आला. पन्नास दिवसांत तो पाच कोटी वेळा डाउनलोड झाला. मार्चमध्ये झिंगा या अमेरिकी गेम कंपनीने हा स्टुडिओ जवळपास 18 कोटी डॉलरना घेतला. त्यानंतर लगेचच खेळाडू ओसरायला लागले. त्याच वर्षी झिंगाला या खरेदीपोटी साडेआठ ते साडेनऊ कोटी डॉलरची घट दाखवावी लागली, आणि जून 2013 मध्ये स्टुडिओ बंद झाला. ओएमजीपॉपने त्याआधी पुष्कळ गेम केले होते, पण असा एकही चालला नव्हता. वही पहिल्या पानापासून वाचली असती तर हे दिसलं असतं.

त्याच झिंगाने पुढे तुर्कस्तानच्या पीक गेम्सशी वेगळ्या रीतीने व्यवहार केला. 2017 मध्ये फक्त त्यांचे पत्त्यांचे गेम घेतले, 10 कोटी डॉलरना. बाकी कंपनीवर लक्ष ठेवलं. 'टॉय ब्लास्ट' आणि 'टून ब्लास्ट' वर्षानुवर्षं कमावतात हे बघितलं, आणि मग 2020 मध्ये 180 कोटी डॉलर मोजले. रक्कम ओएमजीपॉपच्या दहापट, तरी धोका कमी. खेळाडू टिकतात हे तोवर सिद्ध झालं होतं.

[दृश्य: पडद्यावर एक तक्ता. उभ्या रकान्यात महिने, आडव्या ओळीत दिवस 1, दिवस 7, दिवस 30.]

मोबाइल गेमचं पीक या तक्त्यात दिसतं. जानेवारीत आलेल्या शंभर खेळाडूंपैकी दुसऱ्या दिवशी किती परतले, सातव्या दिवशी किती, तिसाव्या दिवशी किती. मग फेब्रुवारीत आलेल्यांचं तेच, मार्चमध्ये आलेल्यांचं तेच. एकूण उत्पन्नाचा आलेख बाजूला ठेवा आणि तिसाव्या दिवसाचा रकाना वरून खाली वाचा. उत्पन्न चढतंय, पण हा रकाना दर महिन्याला घसरतोय, तर तळाला भोक पडलेल्या हौदात टँकरने पाणी ओतणं चालू आहे. इथला टँकर म्हणजे जाहिरात.

ते पाणी केवढ्याला पडतं तेही काढावं लागतं. समजा जाहिरातीतून एक खेळाडू आणायला 20 रुपये लागतात, आणि सहा महिन्यांत तो स्टोअरचं कमिशन वजा जाता 17 रुपये देतो. दर खेळाडूमागे तीन रुपये खिशातून जातात, आणि जाहिरात वाढवली की आलेख आणखी देखणा दिसतो. म्हणून विक्रेत्याकडून आलेल्या कुठल्याही आकड्यावर पहिला प्रश्न हाच: हे कमिशनआधीचं की नंतरचं? गूगल आणि ॲपलचा हिस्सा साधारण 15 ते 30 टक्के. एवढ्या फरकात नफ्याचा तोटा होतो. शिवाय खात्याच्या उताऱ्यात असा एखादा महिना शोधा ज्यात जाहिरात जवळजवळ बंद होती. त्या महिन्यात जे खेळाडू आपणहून आले, तेवढेच खरे स्टुडिओचे.

पैसे लावून खेळायचे गेम असलेली कंपनी समोर आली तर एवढं गणितही नको. ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्याने भारतात असे गेम बंद झाले. त्या उत्पन्नावर काढलेली किंमत आज कागदावरही टिकत नाही.

आता सात. मालकी.

'गेम आमचाच आहे' असं प्रत्येक स्टुडिओ सांगतो आणि मनापासून सांगतो. पण गेम ही एक वस्तू नाही. कोड, पात्रांची चित्रं, ॲनिमेशन, संगीत, आवाज, फॉन्ट, खेळाडूंची नावं, या प्रत्येकाचा मालक वेगळा असू शकतो. पगारी नोकराने नोकरीच्या कामात केलेलं काम, वेगळा करार नसेल तर, मालकाचं. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 तसं सांगतं. फ्रीलान्सरला हे लागू होत नाही. कोथरूडमधल्या एखाद्या चित्रकाराने घरी बसून मुख्य पात्र काढलं असेल, तर लेखी हस्तांतरण नसताना ते चित्र कुणाचं, यावर वाद होऊ शकतो.

लेखी कागद असला तरी तो वाचावा लागतो. कलम 19 मध्ये अशा दोन तरतुदी आहेत ज्या पुण्यातल्या छोट्या स्टुडिओंना माहीत असायलाच हव्यात. हस्तांतरणात मुदत लिहिली नसेल, तर ते पाच वर्षांचं धरलं जातं. प्रदेश लिहिला नसेल, तर फक्त भारतापुरतं. 'सर्व हक्क कंपनीला दिले' या एका ओळीवर जपान-अमेरिकेत गेम विकणारा स्टुडिओ सहाव्या वर्षी नेमका कुठे उभा असेल, याचा विचार करा. त्याच कलमात असंही आहे की करारात वेगळं म्हटलं नसेल, आणि मिळालेला हक्क एका वर्षात वापरला नाही, तर तो संपतो.

दुरुस्ती सोपी आहे, फक्त ती सौद्याआधी व्हायला हवी. पहिल्या बिल्डपासून, म्हणजे गेमच्या पहिल्या चालत्या आवृत्तीपासून, आजपर्यंत ज्याने ज्याने काम केलं त्या प्रत्येकाची यादी, प्रत्येकाच्या नावासमोर करार, आणि जिथे मुदत आणि प्रदेश नाही तिथे नवा कागद. सौदा जाहीर झाल्यावर हाच कागद मागायला गेलात, तर तो चित्रकार योग्य किंमत मागेल, आणि त्यात त्याचं काहीही चुकत नाही.

[दृश्य: रात्रीचे नऊ. स्टुडिओत तीन दिवे चालू. फळ्यावर चार क्लायंट कंपन्यांसाठीच्या कामांच्या तारखा.]

पुण्यात दुसऱ्या कंपन्यांसाठी काम करणारे स्टुडिओही आहेत. आर्ट, पोर्टिंग (एका यंत्रावरचा गेम दुसऱ्यावर आणणं), टेस्टिंग. यांचा ताळेबंद स्वच्छ दिसतो, उत्पन्न नियमित येतं, आणि प्रकाशकाला मोह होतो. इथे दोन गोष्टी बिघडतात. एक, करारातलं मालकी बदलाचं कलम. स्टुडिओ विकला गेला की क्लायंट करार मोडू शकतो, आणि नवा मालक त्याचा स्पर्धक असेल तर बहुतेक मोडतोच. आपला पुढचा गेम स्पर्धकाच्या घरात कोण ठेवील? म्हणजे ज्या उत्पन्नावर किंमत काढली, ते सही होताच जायला लागतं. दोन, हाताची सवय. सप्टेंबर 2020 मध्ये युबिसॉफ्टने 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम'चा रिमेक पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडून जाहीर केला. मे 2022 मध्ये ते काम मॉन्ट्रियलला गेलं. इथल्या लोकांच्या हुशारीवर यावरून कुणी बोट ठेवू नये. मदतीचं काम आणि अख्ख्या गेमची धुरा, ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्या कामासाठी डायरेक्टर, लीड डिझायनर, प्रोड्यूसर यांची फळी लागते, आणि ती एका प्रोजेक्टमध्ये तयार होत नाही.

मग सेवा स्टुडिओ घ्यावाच की नाही? घ्यावा, पण त्याच्या उत्पन्नाकडे शून्य म्हणून बघून. 2021 मध्ये सोनीने नेदरलँड्सचा निक्सेस घेतला. हे 'टूम रेडर'सारखे गेम पीसीवर आणण्यात तरबेज. सोनीला तेव्हा आपले गेम पीसीवर न्यायचेच होते. दुसऱ्याच वर्षी 'स्पायडर-मॅन' पीसीवर आला. विकत घेतलेलं कौशल्य पहिल्या दिवसापासून स्वतःच्या कामाला लागलं. तुमच्याकडे पुढच्या दोन वर्षांचं पोर्टिंगचं काम रांगेत असेल तर असा स्टुडिओ सोन्याचा. नसेल तर त्यांना करारावर काम द्या, ते पुरेसं आहे.

आमच्या मते सगळ्यात चांगली खरेदी म्हणजे ज्याच्याबरोबर आधी गेम बाजारात आणलाय त्याची. सोनीने इन्सोम्नियाक 2019 मध्ये घेतला, 22.9 कोटी डॉलरना. 'स्पायरो'पासून 'स्पायडर-मॅन'पर्यंत वीस वर्षं ते प्लेस्टेशनसाठी गेम करत होते. कोण वेळ पाळतो, कोण शेवटच्या महिन्यात ढेपाळतो, वाद झाला की कोण कसं बोलतं, हे सोनीला ठाऊक होतं. कुठलाही ऑडिट रिपोर्ट हे सांगत नाही. नॉटिलसचंही पाहा: क्राफ्टनने आधी 2022 मध्ये 54 लाख डॉलर गुंतवले, तीन वर्षं बघितलं, मग नियंत्रण घेतलं. आधी प्रकाशनाचा करार, मग छोटा हिस्सा, मग मोठा. छोट्या भारतीय स्टुडिओसाठी ही पायऱ्यांची वाट दोन्ही बाजूंना मानवते.

पैसे देण्याची रीत किमतीइतकीच महत्त्वाची. झिंगाने फिनलंडचा स्मॉल जायंट घेताना 80 टक्क्यांसाठी 56 कोटी डॉलर दिले आणि उरलेले 20 टक्के पुढच्या तीन वर्षांत, नफ्याप्रमाणे. सोनीने बंजी या अमेरिकी स्टुडिओसाठी मोजलेल्या 360 कोटी डॉलरपैकी सुमारे 120 कोटी लोक टिकवण्यासाठी राखले होते. भारतात हे आणखी गरजेचं आहे, कारण नोकरी सोडलेल्या माणसाला दुसरीकडे तेच काम करण्यापासून रोखणारी अट करार कायद्याच्या कलम 27 खाली टिकत नाही. कंपनीचं नाव आणि पत विकणाऱ्या संस्थापकावर वाजवी मर्यादेत बंधन घालता येतं, पण लीड प्रोग्रामरवर नाही. त्याला थांबवायचं असेल तर थांबण्याचं कारण द्यावं लागतं: 12, 24 आणि 36 महिन्यांनी मिळणारी रक्कम, थेट त्याच्या नावावर.

कामगिरीवर ठरलेली रक्कम मात्र जपून लिहा. क्राफ्टनने 2021 मध्ये 'सबनॉटिका'वाला अननोन वर्ल्ड्स 50 कोटी डॉलरना घेतला, वर कामगिरीनुसार 25 कोटींपर्यंत. 2025 मध्ये स्टुडिओचं नेतृत्व बदललं, 'सबनॉटिका 2' लांबणीवर पडला, आणि प्रकरण कोर्टात पोचलं. बोनस ठरावीक तारखेच्या उत्पन्नावर असेल, तर गेम केव्हा आणायचा हे कोण ठरवणार, हा प्रश्न पैशाचा होतो. तारीख पुढे नेण्याचा अधिकार कुणाचा, आणि तशी नेल्यास बोनसची मुदतही तेवढीच सरकेल का, ही दोन वाक्यं करारात स्वच्छ हवीत.

पुण्यात शोधायचंच तर आमचा कल असा: 15 ते 40 माणसं, किमान दोन गेम बाजारात, त्यातला एक दोन वर्षांहून जास्त काळ नियमित अपडेट होणारा, उत्पन्नात एकाही क्लायंटचा वाटा एक तृतीयांशाहून जास्त नाही, आणि संस्थापकांपैकी एकजण अजून रोज कोडमध्ये हात घालतो.

[दृश्य: टेबलावर नवा, कोरा लॅपटॉप. शेजारी केबल जोडलेला स्वस्तातला अँड्रॉइड फोन.]

आणि सहीआधी बांधावर उभं राहायचं, ते असं. कोरा लॅपटॉप घ्या. स्टुडिओतल्या सगळ्यात नव्या इंजिनिअरला बसवा, जुन्याला नाही. रिपॉझिटरीतून, म्हणजे कोडच्या सामायिक साठ्यातून, कोड उतरवायचा, लिहून ठेवलेल्या सूचना वाचायच्या, आणि आज प्ले स्टोअरवर आहे तोच गेम तयार करून फोनवर चालवायचा. कुणाला काही विचारायचं नाही. विचारावंच लागलं तर प्रश्न आणि उत्तर देणाऱ्याचं नाव कागदावर लिहायचं. संध्याकाळपर्यंत गेम चालला तर उत्तम. दोन दिवस लागले तरी ठीक. पण कागदावर एकच नाव सात-आठ वेळा आलं, तर तुम्ही स्टुडिओ नव्हे, तो एक माणूस विकत घेताय. किमतीत आणि थांबण्याच्या रकमेत ते दिसायला हवं.

शेवटी चाव्या. साइनिंग कीस्टोर, म्हणजे गेमच्या प्रत्येक अपडेटवर डिजिटल सही करणारी की ठेवलेली फाइल, कुणाच्या लॅपटॉपवर आहे? ऑगस्ट 2021 आधीचा गेम असेल, ही की गूगलकडे ठेवणाऱ्या प्ले ॲप साइनिंगला जोडलेला नसेल आणि ती की हरवली, तर त्याच नावनोंदणीवर पुढचा अपडेट जात नाही. खेळाडू नव्या गेममध्ये हलवावे लागतात, आणि त्यातले बरेच वाटेतच गळतात. प्ले कन्सोल, ॲप स्टोअर, फायरबेस, डोमेन, डिस्कॉर्ड सर्व्हर, यूट्यूब चॅनेल: यातलं एकेक खातं कुणाच्या तरी खाजगी ईमेलवर, दुसऱ्या टप्प्याच्या पडताळणीसाठी कुणाच्या तरी फोन नंबरवर निघतं. ही यादी करायला एक दुपार लागते. प्रत्येक खातं कंपनीच्या ईमेलवर आणून, लॉगिन करून, तपासून झालं की मग खरेदीखत टेबलावर आणा.