सिंथकडून तिरकिट म्हणवून घेताना

आत्ता तुम्ही जी दोन आवर्तनं ऐकलीत त्यात तबला नव्हता आणि कुणी गातही नव्हतं, तो साधा सॉटूथ वेव्हचा (करवतीच्या दातांसारख्या लहरीचा) सिंथेसायझर, म्हणजे सिंथ आहे, तरी बऱ्याच जणांना "धा तिरकिट" अगदी स्पष्ट ऐकू आलं असणार, मागच्या रांगेत दोघांनी तर हातावर टाळी धरलेली मी बघितली. व्होकोडर नावाच्या प्लगइनने, म्हणजे संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमने, हे कसं होतं तेच आज बोलायचंय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं ऐकायला सोपं जाईल: आवाज बोलल्यासारखा पण हवा आणि लयीत पण हवा असेल तर सगळ्यात जास्त लक्ष व्यंजनांकडे द्या. प्रीसेट कुठला, प्लगइन फुकटचं का विकतचं, हे सगळं नंतर बघू.

मी वापरलंय ते टीएएल-व्होकोडर, फुकट मिळतं, ११ बँडचं आहे. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यात रीव्होकोड येतंच, तसंच एबल्टन, त्याचं स्वतःचं आहे, तत्त्व सगळीकडे एकच. माझा आवाज वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीच्या बँडमध्ये वाटला जातो, प्रत्येक बँडमध्ये या क्षणाला किती जोर आहे ते मोजलं जातं, आणि सिंथच्या आवाजातल्या त्याच बँडला तेवढाच जोर दिला जातो, बस. माझा आवाज झाला मॉड्युलेटर, सिंथ झाला कॅरिअर. मॉड्युलेटरचा आवाज स्वतः कधीच ऐकू येत नाही, त्याचं फक्त बोलणं पुढे जातं.

ही कल्पना अमेरिकेतल्या बेल लॅब्जच्या होमर डडली यांची, टेलिफोनच्या तारेतून कमी जागेत बोलणं पाठवता यावं म्हणून. त्याच कामातून एक यंत्र निघालं, व्होडर, १९३९च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ते लोकांसमोर वाजवून दाखवलं. वाजवून म्हणतोय कारण बहुतेक वेळा एक बाई त्याच्यासमोर बसून दहा बोटांनी दहा बँड चालवायची, मनगटाखालच्या दांडीने आवाज घोगरा का फुसफुशीत ते ठरवायची, पायाने स्वर वरखाली करायची, आणि हे शिकायला वर्षभर लागायचं. पण मला त्यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती म्हणजे त्याला तीन वेगळ्या कळा होत्या, ट-ड, प-ब आणि क-ग यांच्यासाठी. दहा बँड हाताशी असून सुद्धा अडवून सोडलेली व्यंजनं त्यातून निघत नव्हती, त्यांना वेगळी सोय करावी लागली. आज प्लगइनमध्ये आपण नेमकं तेच विसरतो, छान "आ ऊ" करणारा पॅड तयार होतो आणि मग तक्रार की यात ग्रूव्ह नाही.

आता बोलांकडे या. पढंत, म्हणजे तबल्याचे बोल तोंडाने म्हणणं, हा मॉड्युलेटर म्हणून मला माहीत असलेला सगळ्यात उत्तम माल आहे, आणि त्याला कारण आहे. तबल्याचे बोल आठवून बघा, धा धिं ना ता तिं ते रे कि ट गे क, यात प फ ब भ जवळजवळ नाहीतच. ओठांचं काम नाही, सगळं जिभेवर, म्हणून ते द्रुत लयीत म्हणता येतात, आणि रेकॉर्डिंगवाल्यांसाठी बोनस म्हणजे माईकवर फटफट होत नाही. दुसरं बघा, ना ता तिं हे दायाँचे (उजव्या हाताच्या तबल्याचे) बोल जिभेच्या टोकाने म्हणतो, गे आणि क हे बायाँचे (डाव्या हाताच्या डग्ग्याचे), ते घशाजवळून येतात. जिभेच्या टोकाने सोडलेल्या त च्या फुटण्यात वरच्या फ्रिक्वेन्सी जास्त असतात, क मध्ये त्या खाली सरकतात. म्हणजे व्होकोडरमध्ये वरचे बँड उघडतात तेव्हा दायाँ वाजल्यासारखं वाटतं आणि मधले-खालचे उघडतात तेव्हा बायाँ, काहीही सेटिंग न करता.

फक्त एक, सॉटूथमध्ये वरच्या टोकाला जोर कमी असतो, त्यामुळे त आणि ट फुटतात तिथे वाजायला काही उरतच नाही. कॅरिअरमध्ये थोडा नॉइज, म्हणजे फुसफुस आवाज, मिसळा, टीएएलमध्ये त्याचा वेगळा नॉबच आहे. थोडासाच, जास्त झाला की सगळं कुजबुजल्यासारखं होतं.

आणि आता खरी मेख, रिलीज, म्हणजे एन्व्हलप (बँडचा मोजलेला जोर) खाली उतरायला लागणारा वेळ. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० मात्रा) एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, त्यात तिरकिटची चार अक्षरं, म्हणजे एकाला १२५, आणि त्यातही ट च्या आधी हवा अडते ती शांतता जेमतेम पन्नासेक मिलिसेकंदांची. एन्व्हलपचा रिलीज जर १५० ठेवलात तर मागच्या अक्षराचा आवाज उतरायच्या आत पुढचं अक्षर येतं, ती शांतता बुजून जाते आणि तिरकिटचं "इइइअ" होतं. ऐका, हे १५०... आणि हे २५. बघा, दुसरं काहीही बदललेलं नाही. अगदी ५ वर पण नेऊ नका, ११० हर्ट्झच्या आवाजाचं एक कंपनच ९ मिलिसेकंदांचं असतं, मग एन्व्हलप त्या प्रत्येक कंपनामागे धावायला लागतो आणि आवाज खरखरतो. २० ते ४० मध्ये कुठेतरी कान सांगेल तिथे थांबा.

याच कारणासाठी पढंत रेकॉर्ड करताना माईक तोंडाजवळ, पंखा बंद, खोली घुमणारी नको, कारण खोलीचा घुमारा त्याच शांततेत भरतो. कॉम्प्रेसर (लहान-मोठ्या आवाजातला फरक कमी करणारा) तर व्होकोडरच्या आधी अजिबात जोरात लावू नका, तो नेमका तो घुमारा उचलून वर आणतो. त्याऐवजी गेट लावा, तो ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करतो.

कॅरिअर कुठल्या स्वरात? खालच्या. ११० हर्ट्झला वाजवलंत तर दर ११० वर एक हार्मोनिक (मूळ स्वराच्या पटीतला स्वर) आहे, बँडना घडवायला भरपूर माल आहे. ८८० ला नेलंत तर पहिलाच हार्मोनिक ८८० वर, आणि ई-ऊ ओळखू येतात ते ३०० च्या आसपासच्या जोरामुळे, तिथे काहीच नाही, मग शब्द कळणार कसे? तार सप्तकात गायिका वर गेली की शब्द पुसट होतात, ते पण याचमुळे.

आता ज्यांना तोंडाने काहीच म्हणायचं नाहीये त्यांच्यासाठी फॉर्मंट फिल्टर, म्हणजे ज्यांच्यामुळे स्वर ओळखू येतो ते फ्रिक्वेन्सीचे उंचवटे (फॉर्मंट) बनवणारा फिल्टर. पुरुषी आवाजात आ म्हणजे ढोबळमानाने ७०० आणि ११०० हर्ट्झला दोन उंचवटे, ऊ म्हणजे ३०० आणि ९००, ई म्हणजे ३०० आणि २३००. दोन बँडपास (एक ठरावीक पट्टाच पुढे जाऊ देणारे) फिल्टर घेऊन तुम्ही हे कुठल्याही सिंथमध्ये करू शकता. आता ऊ पासून आ पर्यंत फिल्टर सरकवा आणि फक्त वेग बदलत जा. पाव सेकंद घेतला तर "ऊआ" ऐकू येतं. १०० मिलिसेकंदांत गेलात तर "वा". आणि ४० च्या आत नेलंत, आधी क्षणभर आवाज बंद ठेवून, तर "बा"! फिल्टर तेच, सुरुवात तीच, शेवट तोच, नुसत्या वेगाने स्वराचं व्यंजन झालं. ई पासून निघालात तर "या" येतो. मला हे दर वेळी ऐकताना तितकाच आनंद होतो, खरंच.

म्हणून एलएफओ, म्हणजे फिल्टर आपोआप पुन्हापुन्हा सरकवणारी संथ लहर, लावताना साइन वेव्ह घेऊ नका, ती उघडताना आणि मिटताना सारखीच हळू चालते आणि आवाज नुसता झुलत राहतो. पटकन उघडणारा आणि सावकाश मिटणारा आकार काढा, मग प्रत्येक फेरीला एक अक्षर पडेल. टेम्पोला सिंक करताना चारच्या पटीत ठेवलंत की तेच तेच एकसारखं वाजतं, त्यापेक्षा एलएफओची एक फेरी तीन मात्रांची ठेवा, सोबत १६ मात्रांचा तीनताल. १६ ला ३ ने भाग जात नाही, त्यामुळे तिन्ही आवर्तनांत अक्षरं वेगवेगळ्या मात्रांवर पडतात आणि ४८ मात्रा झाल्या की चौथ्या आवर्तनाच्या समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, पुन्हा बरोबर सापडतात. फक्त एलएफओ समेला रिस्टार्ट होतोय का ते बघून घ्या, बऱ्याच प्लगइनमध्ये ते बटण वेगळं असतं आणि नाही दाबलं तर एक्स्पोर्ट केल्यावर सगळं सरकलेलं निघतं.

बरं, तुमच्यात तबला शिकलेलं कोण आहे? या इकडे. टेम्पो ९० ला ठेवतो, तुम्ही तीनतालचा ठेका ठाय (संथ लयीत) म्हणा, मग दुगुन (दुप्पट लय) करा, मी रिलीज हळूहळू वाढवत नेतो, आणि बाकीच्यांनी कुठल्या आकड्याला धा आणि ता मधला फरक जातो तिथे हात वर करायचा.