पुन्हा सांग ना!

श्रोतेहो, नमस्कार. मुलांच्या गोष्टींचा इतिहास सांगायचा तर वा. गो. आपट्यांनी १९०६ साली सुरू केलेल्या ‘आनंद’ मासिकापाशी थांबायला हवं, बालभारतीच्या १९७१ च्या ‘किशोर’पाशीही. पण मला आज बोलायचंय ते एका हट्टाबद्दल. ‘पुन्हा सांग’ या हट्टाबद्दल.

‘चांदोबा’तला राजा विक्रम आठवा. दर महिन्याला तेच झाड, तेच प्रेत, आणि राजा बोलला की वेताळ परत झाडावर. सगळं ठाऊक असायचं, तरी अंक आला की आधी तेच पान. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली; तिची प्रकरणंसुद्धा ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशी. पुस्तक झालं, तरी रोज रात्री गोष्ट सांगायची रीत त्यात राहिलीच.

तर, पुन्हा सांग. गेल्या श्रावणात धो धो पाऊस, दिवे गेलेले. चार वर्षांची नात मांडीवर, आणि चिऊकाऊची गोष्ट. कावळ्याचं शेणाचं घर गेलं वाहून. “चिऊताई, चिऊताई, दार उघड.” “थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते.” मी दमले होते, म्हणून अंग पुसायचं गाळून एकदम काजळावर गेले. तिनं माझ्या तोंडावर हातच ठेवला. “आजी, बाळ ओलंच आहे!”

आले बाई मागे. अंग पुसलं, पावडर लावली, काजळ घातलं, तीट लावली. “चिऊताई, चिऊताई, दार उघड.” “थांब, बाळाला झोपवू दे.”

एवढ्यात ती मांडीवरून उतरली. मला वाटलं, पाणी प्यायला गेली. पाहते तर स्टुलावर चढून कडी काढतेय! दार उघडलं, झड थेट आत. दोरीवरचा माझा टॉवेल ओढून घेतला आणि अंधारात बघत म्हणाली, “काऊ, ये रे. हळू ये, बाळ झोपलंय.”

मीही तिच्यामागे जाऊन उभी राहिले. किती तरी वेळ आम्ही दोघी उंबऱ्यात. मग कडी लावली, पाय पुसले. ती पुन्हा मांडीवर येऊन बसली, टॉवेल तसाच हातात.

“आजी, आता पहिल्यापासून सांग.”